विशेष मुलाचं स्वावलंबन : अमरावती-अकोल्यात पैसा कुठे लावावा, कुठे वाचवावा

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं लेकरू घरात असलं की पहिली सात-आठ वर्षं पैसा मुख्यतः दोन गोष्टींवर जातो. ते बोललं पाहिजे आणि ते चाललं पाहिजे. नागपूर-मुंबईच्या चकरा, तपासण्या, औषधं, कुणीतरी सुचवलेला आणखी एक डॉक्टर. मग शाळा, मुळाक्षरं, अंक. या धावपळीत आंघोळ, शौच, कपडे, ताट, रस्ता, पैसे ही कामं आईच्या अंगावर पडतात आणि तिच्याच अंगावर राहतात, कारण तिने केली की पाच मिनिटांत उरकतात. मुलगा पंधरा वर्षांचा होतो, शंभरपर्यंत अंक म्हणून दाखवतो, आणि शर्टाची बटणं अजून आईच लावून देते. खर्चाचा क्रम इथेच चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे. जी कौशल्यं सगळ्यात स्वस्तात शिकवता येतात, ती आपण सगळ्यात शेवटी शिकवायला घेतो.

म्हणून पुढचा सगळा हिशेब एका प्रश्नावर बेतला आहे. या महिन्यात खर्च केलेल्या पैशातून लेकरू कोणतं काम एकट्याने करायला लागलं? उत्तर सलग तीन महिने ‘कोणतंच नाही’ असं आलं, तर पैसा दुसरीकडे वळवायची वेळ झाली.

आधी कागद, कारण कागद फुकट आहेत

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांना शासकीय शुल्क नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी शासकीय रुग्णालयात. अमरावतीत इर्विन आणि अकोल्यात सर्वोपचार ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. तुमच्या मुलाच्या तपासणीचा वार कोणता आणि मानसशास्त्रज्ञ कधी बसतात, हे आधी विचारून मगच गावाहून निघा. मधला माणूस ‘काम करून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

या तपासणीतली एक बाब पालकांना कुणी नीट सांगत नाही. बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी ठरवताना बुद्धिमापनाबरोबर व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनही वापरतात. त्यात मुलाला कोडी घालत नाहीत, पालकांना प्रश्न विचारतात. हाताने जेवतो का? कपडे स्वतः घालतो का? शेजारी एकटा जातो का? लाजेपोटी बरेच आईबाप ‘हो, सगळं करतो’ म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. जे तो मदतीशिवाय करतो तेवढंच ‘करतो’ म्हणा, आणि जे खरंच करतो ते लपवूही नका. या प्रश्नांची उत्तरं घरी वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वर्षभराचा अभ्यासक्रम तुमच्या हातात आयता येतो.

टक्केवारी चाळीस किंवा त्याहून जास्त असली की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे बहुतेक लाभ लागू होतात. या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अशा मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. लहान वयातलं प्रमाणपत्र काही वर्षांनी नवं करावं लागतं, तेव्हा त्यावरची मुदत आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता येणारा पैसा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना मिळणारं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये झालं; त्याआधी ते १,५०० होतं. त्याच वर्षी जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला, तेव्हा मागणी सहा हजारांची होती. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट ५०,००० रुपयांची आहे, अर्ज तहसील कार्यालयात. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. गावात सरपंच-ग्रामसेवकांना हे लेखी विचारा, ग्रामसभेत विचारलं तर आणखी बरं. नोकरदार पालकांना आयकरात ‘८० डीडी’ची वजावट आहे : चाळीस टक्क्यांपासून ७५,००० रुपये, ऐंशी टक्क्यांपासून १,२५,०००. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी वजावट पूर्ण मिळते, मात्र ती जुन्या करपद्धतीतच. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी आहे. नोंदणी काहीशे रुपयांत होते, संरक्षण एक लाखापर्यंत मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. बिलं परताव्यासाठी लागतात, म्हणून थेरपिस्टकडून पहिल्या दिवसापासून पावती घ्या. पावती द्यायला जो कुरकुर करतो, त्याच्याकडे मुलाला पाठवू नये.

थेरपीचा दर आणि त्याचा गुणाकार

तुमच्याकडे सत्राला ४०० रुपये पडत असतील तर आठवड्याला तीन सत्रं म्हणजे महिन्याला बारा, ४,८०० रुपये. वर्षाचे ५७,६००. दर्यापूरहून अमरावतीला किंवा तेल्हाऱ्याहून अकोल्याला यायचं तर भाडं वेगळं, आणि आईची किंवा बाबांची बुडालेली मजुरी वेगळी. ती मजुरी हिशेबात कुणी धरत नाही, पण घरातला सगळ्यात मोठा खर्च तोच असतो.

माझा सल्ला असा की स्वावलंबनासाठी आठवड्याला एकच सत्र घ्या, पण ते आईला किंवा बाबांना समोर बसवून घ्या. थेरपिस्टने त्या तासात मुलाबरोबर काम करून दाखवावं, तुमच्या हातून करून घ्यावं आणि आठवडाभरासाठी एकच गोष्ट नेमून द्यावी. महिन्याचे १,६०० होतात. वर्षाला ३८,४०० वाचतात, आणि दार लावून आत काय चाललंय याची चिंता राहत नाही. स्नायू आखडलेल्या मुलाची फिजिओथेरपी किंवा गिळण्याची अडचण असलेल्या मुलाचे उपचार मात्र असे परस्पर कमी करू नका. तिथे डॉक्टर म्हणतील तेच प्रमाण.

पैसे भरण्याआधी शिक्षण विचारा. विशेष शिक्षक आणि वाचा-उपचार करणारे यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, नंबर विचारायला संकोच करू नका. आणि ‘तीन महिन्यांत स्वमग्नता घालवतो’ असं सांगणाऱ्याच्या दारातून तसंच मागे फिरा.

शाळा बघायला गेलात तर ताटं बघा

अनुदानित विशेष शाळेत फी लागू नये. खासगी केंद्रात लागते आणि ती केंद्रागणिक वेगळी असते. दोन्हीकडे तपासायचं मात्र तेच. जेवणाच्या सुट्टीत जा. मुलं ताट स्वतः घेतात का, धुतात का, पाणी स्वतः ओततात का, हे पाच मिनिटं उभं राहून बघा. भिंतीवरच्या तक्त्यांपेक्षा ही पाच मिनिटं जास्त सांगतात. मग तुमच्या मुलाची वैयक्तिक योजना दाखवायला सांगा. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बौद्धिक अक्षमतेसाठी कार्यात्मक मूल्यमापनाची सूची तयार केली आहे. मुंबईच्या जय वकील फाउंडेशनचा ‘दिशा’ अभ्यासक्रमही राज्यातल्या विशेष शाळांत पोचला आहे. यांपैकी काय वापरता, असं विचारलं की शाळेला कळतं, पालक जाणकार आहेत.

साध्या शाळेत जाणाऱ्या मुलासाठी पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि मुलींना महिन्याला २०० रुपयांचं प्रोत्साहन यांची चौकशी तिथेच करायची. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, घरची बोली कोरकू असते. घरात ज्या भांड्याला जो शब्द आहे त्याच शब्दाने शिकवा, असं शिक्षकांना आवर्जून सांगा. वऱ्हाडी घरातही तेच. घरी ‘गंज’ आणि शाळेत ‘पातेलं’ अशा दोन नावांत आधीच अडखळणारं लेकरू आणखी अडखळतं.

घरातली शाळा : हजार-दीड हजारात काय काय होतं

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त फळ इथेच मिळतं.

शर्टाचं उदाहरण घ्या. आपण वरच्या बटणापासून सुरू करतो, मुलगा चिडतो, आपण लावून देतो. क्रम उलटा करा. सगळी बटणं तुम्ही लावा, शेवटचं फक्त काजात अर्धं घालून ठेवा आणि ते ओढून पूर्ण करायचं काम त्याचं. आरसा समोर असू द्या. झालं की ‘शर्ट तू घातला’ असंच म्हणा, कारण शेवट त्याने केला. आठवडाभराने शेवटची दोन बटणं त्याची, मग तीन. सरावाला बाबांचा जुना, मोठ्या बटणांचा शर्ट काढा. बोटं साथच देत नसतील तर टेलरकडून काजांच्या मागे वेल्क्रोचे तुकडे शिवून घ्या, बटणं वरून शोभेला राहू द्या. एका शर्टाला चहा-नाश्त्याइतका खर्च येतो आणि शाळेत कुणाला कळतही नाही. चड्डी-पँट इलास्टिकची, बूट पट्टीचे. शौचाला एकट्याने जाण्यातली निम्मी अडचण पँटच्या हुकात असते.

न्हाणीत नळाला जाळीच्या पिशवीत साबण टांगा, तो हातातून निसटत नाही. भिंतीला धरायला पाइप हवा असेल तर तयार महागडा दांडा मागवण्याआधी जवळच्या वेल्डरला विचारा. जेवताना ताटाखाली ओलं फडकं टाकलं की ताट सरकत नाही. उभ्या काठाचं ताट घेतलं की घास बाहेर सांडत नाही. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर चढवलं की पकड बसते. चहा, पोहे, खिचडी शिकवायची तर गॅसऐवजी इंडक्शन शेगडी घ्या. हजार-दीड हजारांबाहेरचा हाच एक मोठा खर्च, दोनेक हजारांचा, पण आग दिसली की घाबरणारी आई त्यामुळे मुलाला ओट्याजवळ येऊ देते.

चित्रांचे तक्ते विकत आणू नका. तुमच्याच न्हाणीत, तुमच्याच मुलाचे फोटो काढा. नळ सोडला, साबण लावला, पाणी घेतलं, अंग पुसलं. हे फोटो छापून, प्लास्टिक चढवून त्या-त्या जागी चिकटवा. ओळखीचा नळ आणि स्वतःचा चेहरा दिसला की मूल तक्त्याकडे बघतं.

एका वेळी एकच काम, रोज त्याच वेळेला, त्याच शब्दांत. आजीने एक सांगायचं, बाबांनी दुसरं आणि ताईने करूनच द्यायचं, असं झालं तर वर्ष जातं. आजीला वाईट वाटतं, ‘लेकराचे हाल करता’ म्हणते. तिला समजावण्यात वेळ घाला; ती बाजूने आली की शिकवणारं एक माणूस घरात फुकट वाढतं.

दुकान, पैसे आणि थोडं ठरवून केलेलं नुकसान

दर महिन्याच्या हिशेबात दोनशे-तीनशे रुपये ‘शिकताना होणारं नुकसान’ म्हणून वेगळे काढा. सांडलेलं दूध, हरवलेली नोट, जास्तीची आणलेली कोथिंबीर या खात्यात लिहा. खातं आधीच ठरलेलं असलं की घरात चिडचिड होत नाही आणि दुसऱ्या दिवशी मुलाला पुन्हा पाठवलं जातं.

सुरुवात एका दुकानापासून, एका वस्तूपासून, एका नोटेपासून. आधी तुम्ही शेजारी उभे, मग दुकानाच्या पायरीवर, मग रस्त्याच्या पलीकडे, मग गल्लीच्या तोंडाशी. दुकानदाराला पहिल्या दिवशी सांगून ठेवा की तो मागेल तोवर वस्तू द्यायची नाही. नाहीतर आपल्याकडचे लोक मायेने मुलाला बघितल्याबरोबर पिशवी भरून देतात. अमरावतीचा इतवारा किंवा अकोल्याचा जनता भाजी बाजार ही वरच्या वर्गाची परीक्षा आहे, तिथे गर्दी आणि आवाज असतो. आधी कोपऱ्यावरचं किराणा दुकान पक्कं होऊ द्या.

वजाबाकी येत नाही म्हणून व्यवहार थांबवायची गरज नाही. दहाच्या नोटा मोजता येत असतील तर एक युक्ती जगभर शिकवतात : दुकानदार चाळीसच्या पुढचा कोणताही आकडा बोलला, एकेचाळीस असो की सत्तेचाळीस, तर पाच नोटा द्यायच्या आणि उरलेले परत घ्यायचे. ज्याला तेही जमत नाही त्याच्यासाठी यूपीआय सर्कल आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या या सोयीत मुलाच्या मोबाइलवरून स्कॅन होतं आणि पैसे पालकाच्या खात्यातून जातात. सुरुवातीला असा पर्याय घ्या की प्रत्येक व्यवहार तुम्ही मंजूर करायचा. नंतर मर्यादा ठरवून मोकळीक देता येते. त्या मोकळिकीची कमाल महिन्याला १५,००० आणि एका व्यवहाराला ५,००० रुपये आहे. तुम्ही मात्र दोनशेपासून सुरू करा.

प्रवासालाही हाच पायरीचा हिशेब. एसटीत चाळीस टक्क्यांवरच्या दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्याला ५० टक्के. अमरावती-अकोला तिकीट १६० रुपये धरलं तर मुलाचे ४०, सोबत्याचे ८०. सोबत आई असेल तर मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहेच, तिथे टक्केवारीचा प्रश्न येत नाही. रेल्वेत बौद्धिक अक्षमता असलेला प्रवासी आणि सोबती, दोघांनाही द्वितीय श्रेणी आणि शयनयानात ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठीचं ओळखपत्र रेल्वेकडून काढावं लागतं, आपल्या भागाला भुसावळ विभाग लागतो. कार्ड काढल्यावर बडनेरा-मूर्तिजापूर-अकोला हा छोटा टप्पा सरावाला फार चांगला आहे. स्टेशनं ओळखायची, खिडकीत चढायचं नाही, तिकीट सांभाळायचं. खिशात घरचा नंबर लिहिलेलं कार्ड असूच द्या.

एप्रिल-मेचं वेळापत्रक वेगळं ठेवा. अकोल्यात पारा ४४-४५वर जातो आणि ‘मला तहान लागली’ हे न सांगता येणारं मूल उन्हात धोक्यात असतं. गळ्यात टांगलेली बाटली, डोक्याला रुमाल आणि दर तासाला पाणी पिण्याची सवय हेही जीवनकौशल्यच आहे. बाजाराचा सराव सकाळी नऊच्या आत संपवा.

मुलींच्या आईशी थोडं वेगळं बोलायचं आहे

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्या स्वच्छता राखू शकत नाहीत, असं कारण पुढे केलं गेलं. देशभर संताप झाला. आजही एखादी हतबल आई डॉक्टरांना हळूच तेच विचारते, आणि मला तिचा राग येत नाही. तिला कुणी दुसरा मार्ग शिकवलेला नसतो.

मार्ग आहे, आणि त्याला पॅडच्या एका पाकिटाचा खर्च येतो. पाळी येण्याच्या वर्षभर आधी, साधारण नवव्या-दहाव्या वर्षी, सुरुवात करा. बाहुलीच्या चड्डीला पॅड लावायचा. मग तिच्या चड्डीवर पॅडच्या आकाराची रेघ स्केचपेनने काढायची आणि त्या रेघेत पॅड बसवायला शिकवायचं. मग कोरडाच पॅड एक तास घालून बसायचं, सवय म्हणून. लाल रंगाचं पाणी लावून ‘आता बदलायचा’ हे दाखवायचं. कागदात गुंडाळायचा, डब्यात टाकायचा, हात धुवायचे. आई किंवा मोठी बहीण स्वतःचं दाखवायला तयार असेल तर मुलगी लवकर शिकते. यासोबतच अंगाला कोण, कुठे, कशासाठी हात लावू शकतं, हेही मुलींना आणि मुलांना दोघांनाही शिकवायला हवं. ज्या मुलाला शौचाला, आंघोळीला कायम दुसऱ्याचा हात लागतो, त्याला नको तो स्पर्श वेगळा ओळखता येत नाही. आंघोळ स्वतः करता येणं ही त्याची पहिली सुरक्षा आहे. मदत लागली तर १०९८ हा क्रमांक फुकट आहे.

अठरानंतर

शाळा संपते आणि बहुतेक घरांत सगळं थांबतं. काही ठिकाणी अठरा वर्षांवरच्यांसाठी कर्मशाळा आहेत. तिथे प्रवेश घेताना विचारा : इथे बनलेलं कोण विकत घेतं, आणि मुलाच्या हातात महिन्याला किती पडतात? वर्षानुवर्षं मेणबत्त्या आणि दिवाळीचे दिवे रंगवण्यापेक्षा घरच्या धंद्यातलं एक खरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. किराणा दुकानात पुड्या बांधणं, डाळ निवडणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, पिठाच्या गिरणीत डबे लावणं. त्या कामाचे पैसे त्याच्या हातात, दर शनिवारी, इतरांना देतात तसेच द्या.

नोकरीची दारंही बंद नाहीत. सरकारी जागांत दिव्यांगांसाठी चार टक्के आरक्षण आहे आणि त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांचा. दृष्टिहीन माला पापळकर जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडली होती. ती अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरच्या बालगृहात वाढली आणि एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. तिचं अपंगत्व वेगळं, प्रत्येक मुलाची झेपही वेगळी. पण तिला वाढवणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांनी १२३ बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं आणि २०२४ मध्ये ज्यांना पद्मश्री मिळाली, ते कित्येक वर्षं एकच मागणी करत आहेत : अठरा वर्षांनंतर या मुलांना बालगृहातून बाहेर काढू नका, त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. आईबाप असलेल्या मुलांच्या घरातही तोच प्रश्न असतो, फक्त तो थोडा उशिरा येतो.

म्हणून शेवटचा कागद. अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक खातं, वारसाहक्क, शेतीच्या सात-बाऱ्यावरचं नाव, सगळीकडे अडतं. नॅशनल ट्रस्टच्या १९९९च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते ‘निरामय’मधल्या त्याच चार गटांतल्या प्रौढांसाठी आहे आणि त्यासाठी वकील लागत नाही. कागद सतराव्या वर्षीच जमवायला घ्या, आणि आपल्यानंतर कोण, हे नाव भावंडाला किंवा काकांना विचारून, त्यांच्या तोंडून ‘हो’ ऐकूनच लिहा.

ज्याचं नाव लिहाल, त्याच्याकडे मुलाला दर सुट्टीत चार दिवस राहायला पाठवा, तुम्ही सोबत न जाता. न्हाणीतले फोटो, तो वेल्क्रोचा शर्ट आणि रोजच्या कामांची वही पिशवीत द्या. काय जमलं, काय अडलं, ते त्यांना वहीत लिहायला सांगा. पुढच्या महिन्याचा पैसा आणि वेळ त्या अडलेल्या कामावर लावा.